बारा पावसाळे

डहाणूहून बोर्डीच्या रस्त्याला लागले, की डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला चिकूच्या वाड्या अशी जोडी कितीतरी वेळ सोबत करते. घोलवड मागे पडले, की वाड्यांच्या शेंड्यांवरून पूर्वेकडे एक डोंगर डोके काढतो. इथले लोक त्याला बारडा म्हणतात; पुस्तकांत त्याचे नाव बाहरोट. उंची फार नाही, दीड हजार फुटांच्या आसपास. सह्याद्रीची शिखरे पाहिलेला माणूस त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघायचासुद्धा नाही. मी मात्र गेली चाळीस वर्षे तो पाहतो आहे. आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावरून तो नीट दिसे, आणि इतिहासाच्या तासाला फळ्याकडे पाठ करून मी त्याच्याकडे बोट दाखवी, तेव्हा मुले हसत. इतिहास म्हणजे पानिपत, रायगड, फार तर वसई. आपल्या गावाच्या मागच्या डोंगरावर इतिहास असतो, हे मुलांना खरे वाटत नसे.

त्या डोंगरावरून गुजरातेतल्या वांसद्यापर्यंत पायी जायचे, असा बेत मी आणि आमचे शेजारी बावाजी यांनी किती वर्षे केला, ते सांगायची आता लाज वाटते. बावाजी जातीचे इराणी. त्यांचे आजोबा यझदकडून आले आणि इथल्या मातीत चिकू लावून बसले. त्यांची वाडी आणि आमचे परसू यांच्यामध्ये एक कुंपण होते, आणि त्या कुंपणाला दोन्ही घरांनी सोयीसाठी ठेवलेले एक भोक होते. बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात आमच्या प्रवासाचे सगळे कागद ठेवलेले असत. दर दिवाळीला डबा उघडायचा, नकाशा पसरायचा, चहा व्हायचा आणि गुडघ्यांची चौकशी होऊन डबा बंद व्हायचा. असे बेत घरोघर असतात, म्हणून वाचक मला क्षमा करतील.

पण वांसदाच का, असे कोणीही विचारील. त्याला सरळ उत्तर असे, की या वाटेने एके काळी एक अग्नी गेला होता.

इराणातून निघालेले पारशी संजाणला उतरले, जादी राण्याने त्यांना आश्रय दिला, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. संजाण आज गुजरातच्या हद्दीत, पण आमच्या तलासरीला अगदी लागून, वारोली नदीच्या काठी आहे. तिथे त्यांनी आपला पवित्र अग्नी प्रतिष्ठित केला. त्याला इराणशाह म्हणतात. हा आतश बेहराम, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा अग्नी. त्याची घडण ऐकण्यासारखी आहे. कुंभाराची भट्टी, लोहाराची भट्टी, सोनाराची शेगडी, भटाऱ्याची चूल, धनगराची शेकोटी, राजाघरची आग, साध्या गृहस्थाची आग, इतकेच काय पण चितेची आग आणि आकाशातून पडलेल्या विजेची आग असे सोळा ठिकाणचे अग्नी आणायचे, प्रत्येकाला पुनःपुन्हा शुद्ध करायचे आणि मग सारे एकत्र करायचे. एकट्या चितेच्या अग्नीलाच एक्याण्णव वेळा शुद्ध करावे लागते. असा अग्नी विझला तर शेजारच्या घरून निखारा मागून आणता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी हकीकत तिच्यावर अवलंबून आहे.

पुढे संजाणवर सुलतान महमूदाचे सैन्य चालून आले. हा महमूद कोणता, यावर विद्वानांत बराच वाद झाला. पण जीवनजी जमशेदजी मोदी आणि शापूरशाह होडीवाला यांच्यासारख्या अभ्यासकांनी गुजरातचा महमूद बेगडा धरला आहे. त्याची कारकीर्द 1458 ते 1511. म्हणजे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. हिंदू राजाच्या बाजूने पारशीही लढले. अर्देशीर नावाचा त्यांचा वीर चौदाशे माणसे घेऊन उभा राहिला आणि पडला. संजाण गेले. तेव्हा पुरोहितांनी अग्नी उचलला आणि बाहरोटच्या डोंगरावर नेला. तिथे बारा वर्षे काढली. मग ते वांसद्याला गेले. तिथले लोक तीनशे स्वार घेऊन सामोरे आले आणि मानाने गावात घेऊन गेले. तिथे चौदा वर्षे झाल्यावर नवसारीच्या चांगा आशा नावाच्या थोर गृहस्थाने अग्नी नवसारीला आणवला.

हे सारे आपल्याला कळते ते ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्यावरून. नवसारीचा एक पुरोहित, बेहमन कैकोबाद, याने 1600 च्या सुमारास, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले ते लिहून ठेवले. इतिहास म्हणून ते किती धरायचे, यावर मतभेद आहेत. माझी त्या काव्याविषयी तक्रार वेगळीच आहे. समुद्रावरच्या वादळाला त्यात जागा आहे, लढाईला तर भरपूर जागा आहे. बाहरोटची बारा वर्षे मात्र कवीने दोन-चार ओळींत उरकली आहेत. कवी नवसारीचा. बंदिस्त देवळात तेवणाऱ्या अग्नीपुढे बसून त्याने लिहिले. डोंगरावरचा आमच्याकडचा पाऊस त्याने अंगावर घेतला असता, तर ही घाई केली नसती असे मला वाटते.

आमच्या या पट्ट्यात सत्तर-ऐंशी इंच पाऊस पडतो. मृगापासून हस्तापर्यंत डोंगर ढगातच असतो. बाहरोटच्या गुहा अस्सल खडकात कोरलेल्या आहेत, शेजारी पाण्याची टाकीही आहेत. पण गुहेला दार नाही. वारा वळला, की पाण्याचा फवारा सरळ आत येतो. आषाढात मी एकदा तिथे तासभर उभा होतो, तर खिशातली आगपेटी ओली होऊन काडीचा गूल पेटीला चिकटला. अशा जागी अग्नी बारा वर्षे ठेवायचा! आतश बेहरामाला दिवसातून पाच वेळा, प्रत्येक प्रहराला, लाकूड अर्पण करावे लागते. त्या प्रहरांची नावे बावाजींनी मला पाठ करायला लावली होती: हावन, रपिथ्विन, उझिरिन, ऐविस्रुथ्रेम आणि उशहिन. उशहिन म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतचा. मी शिक्षक माणूस, लगेच गुणाकार केला. बारा वर्षांचे दिवस, गुणिले पाच. एकवीस हजार नऊशे वेळा कोणीतरी हात धुऊन, तोंडाला पांढरा पदर बांधून त्या गुहेत अग्नीपुढे उभे राहिले.

यासाठी लागणारे लाकूड कोरडे हवे. म्हणजे चार महिन्यांचे लाकूड ज्येष्ठाच्या आत तोडून, वाळवून, गुहेच्या आतल्या अंगाला रचून ठेवायला हवे, आणि तेही धूर खाली मैदानात दिसणार नाही अशा बेताने जाळायला हवे. तांदूळ हवा, मीठ हवे. ही माणसे पळून आलेली. त्यांची शेते खाली, शत्रूच्या हातात. मग डोंगरावर भात कोणी आणून दिले? कोणती टाकी वैशाखात आटते आणि कोणती आटत नाही, हे त्यांना कोणी सांगितले? शिपाई विचारत आले तेव्हा ‘वर कोणी नाही’ असे कोणी सांगितले असेल? कागदात याचे उत्तर नाही. पण आज त्या डोंगराच्या पायथ्याशी वारल्यांचे पाडे आहेत, आणि जंगलात नवख्या माणसाचे एक दिवसही तिथल्या माणसावाचून चालत नाही, हा माझा अनुभव आहे. तेव्हा त्या बारा वर्षांत या डोंगरातल्या कोणीतरी पारशांना सांभाळले, असे मी धरून चालतो. पुरावा मागाल तर माझ्याकडे एवढेच आहे, की ते बारा वर्षे जगले आणि अग्नीही जगला.

एक गोष्ट मात्र त्यांच्या अंगवळणी असावी. उत्तर कोकणातली लेणी पारशांना नवी नव्हती. आपल्या मुंबईजवळच्या कान्हेरीला पहलवी लिपीतले लेख आहेत. 1009 आणि 1021 साली तिथे गेलेल्या इराणी मंडळींनी आपली नावे, बापांची नावे आणि तारीख नीट कोरून ठेवली आहे. सहलीला जाऊन भिंतीवर नाव लिहिणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर छड्या मारल्या. हे लेख वाचल्यापासून मनात थोडी चलबिचल झाली. हजार वर्षे टिकले, की त्याला पुरातत्त्व म्हणतात!

आता आमच्या बेताकडे वळतो. बाहरोट ते वांसदा सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटर भरेल. डोंगरातून चालायचे तर त्याचे सव्वाशे होतील. अंतराने भिण्यासारखे काही नाही. भिण्यासारख्या आहेत त्या नद्या. सह्याद्रीतून निघून समुद्राकडे धावणाऱ्या दमणगंगा, कोलक, पार आणि औरंगा या चार नद्या वाटेत आडव्या येतात. अग्नी घेऊन निघालेल्यांनी किनाऱ्याची सोपी वाट धरली नसणार, कारण तिथे नद्यांची मुखे रुंद आणि शत्रूचा वावर जास्त. फार वर जावे तर दऱ्या. तेव्हा मधला पट्टा, जिथे नदीला उतार सापडतो आणि रानही दाट असते, तोच त्यांनी धरला असावा. ऋतू कोणता? पावसाळ्यात चार नद्या ओलांडणे अशक्य. वैशाखात रानात वणवे आणि पाण्याची वानवा. राहता राहिले कार्तिक ते माघ. नद्या उतरलेल्या, भात खळ्यात आलेले, रात्री लांब आणि कोरड्या. म्हणून आमच्या कागदावर पहिली ओळ बावाजींनी लिहिली होती: ‘त्रिपुरीनंतर.’

कागदाला चार रकाने होते. नदी, उतार, मुक्काम, लाकूड. अस्वालीच्या धरणाकडून बाहरोटवर चढायचे, पलीकडे उतरून तलासरीला हमरस्ता ओलांडायचा, उधव्यावरून खानवेलकडे, मग नानापोंढा, धरमपूर आणि वांसदा. दमणगंगेच्या रकान्यात बावाजींनी प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते, कारण मधुबन धरण झाल्यापासून जुने उतार कुठे राहिले आणि कुठे फुगवट्याखाली गेले, हे नकाशावरून उमगत नाही. तिथे जाऊन होडीवाल्याला विचारावे लागते.

‘मास्तर,’ बावाजी एकदा म्हणाले, ‘वांसद्याच्या गोष्टी पुढे. आधी एक रात्र विस्तव सांभाळून दाखवा.’

मला हे आव्हान फार सोपे वाटले. आगपेटी महाग असताना माझी आई रात्री चुलीतला निखारा राखेखाली पुरून ठेवी आणि पहाटे फुंकर मारून जाळ करी. कधी विझलाच तर मला करवंटी देऊन शेजारी पिटाळी. विस्तव मागायला जाणे हे तेव्हा घरोघरच्या पोरांचे काम होते. तेव्हा मार्गशीर्षातल्या एका शनिवारी आम्ही दोघे आणि माझा एक जुना विद्यार्थी, जो आता आश्रमशाळेत शिक्षक आहे, असे तिघे बाहरोटला गेलो. हा माझा विद्यार्थी वारली, पायथ्याच्याच पाड्यातला. बरोबर माझ्या घरच्या चुलीतला विस्तव एका मडक्यात, खाली राख, वर गोवऱ्या, बाभळीचे चार निखारे. हा आमचा साधा विस्तव, पूजेचा नव्हे, हे बावाजींनी दोनदा बजावले आणि मीही इथे बजावतो.

वाटेत मडके तीन वेळा हातांतून हातांत गेले. त्याचा चटका लागतो, म्हणून फडके गुंडाळले तर फडक्याला धग लागली. चढणीवर घाम पुसायला हात मोकळा नाही. वर पोचलो तेव्हा विस्तव उत्तम होता, आणि मी फार खुशीत होतो. संध्याकाळी खाली पश्चिमेला समुद्राची एक रेघ चकाकली, बोर्डीचे दिवे लागले. भाकरी झाली, गप्पा झाल्या. किस्सा-ए-संजाणमधल्या त्या दोन-चार ओळींचा अर्थ बावाजींनी गुहेच्या तोंडाशी बसून सांगितला. मग मी विस्तवावर आईसारखी राख लोटली, वर दोन गोवऱ्या दडपल्या आणि आम्ही घोंगड्या ओढल्या.

पहाटे मी जागा झालो तो थंडीने. मडक्याला हात लावला, तर मडके गार. राख मी गरजेपेक्षा जास्त लोटली होती आणि गोवऱ्यांना रात्रीचे दव लागले होते. काडीने उकरून पाहिले, तळाशी एक ठिणगी नाही. उशहिनचा प्रहर, बावाजी म्हणाले. आणखी काही बोलले नाहीत. वाईट मला जितके वाटले, तितके त्यांना वाटले असेल असे मला आधी वाटले नव्हते. पण ते बराच वेळ त्या मडक्याकडे बघत बसले होते.

उजाडल्यावर आम्ही खाली उतरलो. पाड्यात माझ्या विद्यार्थ्याची आजी चुलीपुढे बसली होती. त्याने सारी हकीकत सांगितली. म्हातारी आधी खूप हसली. तिने करवंटीत राख घातली, चिमट्याने दोन लाल निखारे त्यात ठेवले आणि करवंटी माझ्यापुढे सरकवली. मग तिने एकच प्रश्न विचारला.

‘रातचं जागं कोण होतं?’

कोणीच नव्हते. आम्ही नदी, उतार, मुक्काम आणि लाकूड यांचा वर्षानुवर्षे विचार केला होता, आणि जागे कोण राहील हा रकाना आमच्या कागदावर नव्हता.

परतताना करवंटीतले निखारे मी घरापर्यंत आणले. बावाजी म्हणाले, ‘तुमचं बरं आहे मास्तर. तुमचा विझला तर आजी आहे. त्या लोकांना कोण देणार होतं?’ त्या दिवसापासून बारा वर्षांचा तो गुणाकार मला वेगळा दिसू लागला. नवसारीला अग्नी आला तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या तीन पुरोहितांची नावे किस्सा सांगतो: नागन राम, खुरशेद कामदिन आणि चायण सायेर. बाहरोटची बारा आणि वांसद्याची चौदा, मिळून सव्वीस वर्षे. संजाणला वयात आलेला माणूस नवसारीला पोचेपर्यंत पिकला असेल, आणि नवसारीला अग्नीपुढे उभे राहणाऱ्यांत गुहेतच जन्मलेला एखादा असेल. संजाण त्याने पाहिलेच नसेल. आपण हे कशासाठी सांभाळतो आहोत, असे त्याने रात्रीच्या पाळीला बसून बापाला विचारले असेल काय? मी त्याच्या जागी असतो तर विचारले असते.

अग्नीचा प्रवास नवसारीलाही संपला नाही. 1733 ते 1736 तो सुरतेला होता. त्या वर्षांत गुजरातेत मराठ्यांची धामधूम होती, आपले कोणी पूर्वजही त्यात असतील, तेव्हा याविषयी आपण फार बोलू नये. नंतर नवसारीच्या पुरोहितांशी संजाणच्या पुरोहितांचे हक्कांवरून बिनसले आणि अग्नी वलसाडमार्गे 1742 साली उदवाड्याला आला. तो आजही तिथे तेवतो आहे. बावाजींबरोबर मी तिथे गेलो आहे. परधर्मीयाला आत जाता येत नाही, ते योग्यच आहे. मी रस्त्यावर चंदनाच्या दुकानापाशी उभा राहिलो. बावाजी आतून आले तेव्हा त्यांच्या कपाळाला राखेचे बोट होते. ‘आहे,’ एवढेच म्हणाले.

गेल्या श्रावणात बावाजी गेले. वाडीतल्या विहिरीपाशी बसले होते, तिथेच. त्यांच्या मुलीने महिन्याभराने कुंपणाच्या भोकातून बिस्किटांचा डबा माझ्याकडे दिला. ‘काका, पप्पांनी सांगून ठेवलं होतं.’ डबा उघडायला मला गणपती, नवरात्र असे दोन सण लागले. आत नकाशा, पोस्टाची जुनी पाकिटे आणि तो कागद. कागदावर बावाजींनी मला न सांगता पाचवा रकाना आखला होता. त्याचे नाव ‘जागे कोण.’ वांसद्यापर्यंतच्या नऊ रात्री आणि प्रत्येक रात्रीचे दोन भाग. त्यांत त्यांचे नाव आणि माझे नाव आळीपाळीने, गुजराती अक्षरांत. मध्यरात्रीनंतरचा भाग बहुतेक ठिकाणी त्यांनी स्वतःकडे घेतला होता.

यंदा त्रिपुरी झाली की निघायचे ठरले आहे. आश्रमशाळेतल्या माझ्या विद्यार्थ्याने रजा काढली आहे. दमणगंगेवर तो परवा जाऊन आला, होडीवाल्याशी बोलला आणि प्रश्नचिन्ह खोडून तिथे ठिकाणाचे नाव लिहून आला. मडके यंदा जाड बुडाचे घेतले आहे. गोवऱ्या कोजागरीपासून माळ्यावर वाळताहेत. हिने त्या दोन वेळा मोजल्या आणि काही न बोलता आणखी वीस ठेवल्या. आजी म्हणाली आहे, की पहिला निखारा तिच्या चुलीतला न्यायचा, गावातला नको.

काल रात्री पाळ्यांचा कागद नव्याने लिहायला बसलो. बावाजींचे नाव खोडायला हात होईना, म्हणून दुसरा कागद घेतला. विद्यार्थ्याने पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि मध्यरात्रीच्या नऊच्या नऊ पाळ्यांपुढे स्वतःचे नाव घातले. मी म्हटले, अरे, निम्म्या मला ठेव. तो म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही पहाटेच्या घ्या. तुम्हाला झोप लागते, हे आजीला ठाऊक आहे.’